चंपतराव भेटायला निघाले

बेसा भागात राहणाऱ्या चंपतरावांच्या नात्यागोत्यात कोणी आजारी पडलं आणि ते भेटायला गेले नाहीत, असं कधी झालं नाही. पतपेढीतली कारकुनी संपल्यापासून तर त्यांनी याला वाहूनच घेतलं होतं. डझनभर केळी न्यायची, पलंगाच्या कडेला बूड टेकायचं, याच दुखण्यानं कोण कोण गेलं ते रंगवून सांगायचं आणि बोलता बोलता निम्मी केळी आपणच संपवायची. रोगी बिचारा घाबरूनच बरा व्हायचा.

म्हणून फ्लूच्या साथीत बालमित्र बाबाराव दवाखान्यात भरती झाले आणि वॉर्डाच्या दारावर ‘भेटण्यास बंदी’ अशी पाटी लागली, तेव्हा आणलेली केळी चंपतरावांच्या घरीच पिकत पडली. बाबारावांना ऑक्सिजन लावला होता. ते गेले तर? आणि ‘चंपत आला नाही’ असं मनात धरून गेले तर? हा विचार त्यांना घास गिळू देईना.

आधी ते रोग्याचे मामा बनून गेले. दारावरच्या दामिनी सिस्टरनं रोग्याचं वय आठवलं, मामांकडे पाहिलं आणि बाहेरची वाट दाखवली. मग चंपतराव पाणीवाला बनून पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन आले. दम्याच्या माणसानं कॅन उचलायचा म्हणजे काय! तो सिस्टरच्या पायापाशीच फुटला.

“काका, काहून त्रास देऊन राहिले? हा आजार श्वासातून पसरतो. एक माणूस आत सोडला तर अख्खं घर आजारी पडतं.”

चंपतराव ओल्या चपला फटफटवत परतले, पण वाटेत त्यांना नामी युक्ती सुचली. आत फक्त रोग्यालाच सोडतात ना? मग रोगीच व्हायचं! सकाळी तपासणीच्या रांगेत ते असे खोकले, की बाकावरची माणसं उठून अंगणात गेली. डॉक्टरांनी तत्काळ भरती करून घेतलं. मास्कच्या आत स्वारी गालातल्या गालात हसत होती.

“मले बाबारावच्या बाजूचा पलंग द्या,” त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. खोकायचं विसरलेच.

“तिथं आजार पक्का झालेल्यांनाच ठेवतात,” दामिनी म्हणाली. “तुम्ही संशयित. रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत, एकटे.” आणि तिनं दार ओढून घेतलं.

पलंग, उघडी खिडकी आणि चंपतराव. कोण कोण गेलं ते सांगायला समोर चिटपाखरू नाही. गोपिकाबाईंनी कपडे फाटकावरच दिले आणि फोनवरून नवऱ्याची यथासांग पूजा बांधली. भिंतीपलीकडे कोणी खोकलं की हे कान टवकारायचे, बाबारावच असेल का म्हणून.

रिपोर्ट आला. काही निघालं नाही. दामिनी त्यांना घरी पाठवायला आली, तर चंपतराव पलंगावरून उठेनात.

“एकडाव सोड वं बाई आत. तो म्हणन, चंपत आलाच नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी त्यात सोंग नव्हतं.

दामिनीनं खिशातून मोबाइल काढला. मग तिनं आतल्या वॉर्डात फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला.

“सिस्टरले काहून त्रास देऊन राहिला बे?” बाबारावांचा आवाज बारीक झाला होता. “तुले आत सोडू नका, हे मीच सांगतलं होतं.”

“तू? अन् काहून गा?”

“तुह्या छातीत दम नाही. तुले हे दुखणं झेपन का?” बाबारावांना धाप लागली. मग हळूच म्हणाले, “मी निघतो यातून. पण निघाल्यावर भेटायले तू पाहिजे ना गा.”