गिरजाकाकीची पायरी

सुप्याहून उळवीच्या वाटेला लागलं की मध्ये एक कुणबीवाडी होती. तिथली गिरजाकाकी, कुणाच्या घरात काय कुठं ठेवलंय ते घरधन्याच्या आधी सांगायची. अशी बाई एरवी कुणाला नकोच असते, पण गाव अडलं की आधी तिचंच दार वाजतं.

१९१२ साली रेल्वेसाठी रानातली झाडं पडत होती आणि वाडीची देवराईही त्यात धरली गेली. वाडीचा प्रमुख, गावकर नागू, जंगलाच्या साहेबापुढं जाऊन रडला, की राईत देवाचं फार जुनं देऊळ आहे. साहेब म्हणाला, "फोटो दाखवा, राई सोडतो." झालं! बेळगावहून नारायणराव फोटोवाले निघालेसुद्धा, आणि इकडे देवळात दगड होता कुठं? चार पिढ्यांत गावानं तो घरी नेला होता. कुणाची धुण्याची शिळा झालेली, कुणाच्या गोठ्याची चौकट. सगळं रीतसर, देवाला कौल लावून. देवही इतका भला की कुणालाच नाही म्हणाला नव्हता.

"देवानंच दिलीया आमाला," काकी दगड मागायला आली तेव्हा फुला आपल्या धुण्याच्या शिळेवर ठाण मांडून म्हणाली.

"दिली व्हती. आता परत मागतोय," म्हणत काकीनं तिला दंडाला धरून उठवलं.

घराघरांतून असे दगड उपसत तिनं दोन दिवसांत पडकं देऊळ उभं केलं. पण पाहुणा येणार म्हटल्यावर बायकांना राहवेना. त्यांनी दगड घासले, भोवती शेणानं सारवलं, वर रांगोळी घातली. नारायणरावांनी काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं.

"अहो आजी, हे मोडकं देऊळ आहे की लग्नघर?"

"म्हशी सोडा रे!" काकी ओरडली. घटकाभरात देऊळ पुन्हा दोनशे वर्षांचं झालं.

तरी नारायणराव मान हलवत राहिले. "नक्षीचा एकही दगड नाही. साहेब म्हणेल, गोठ्याचे धोंडे रचलेत." साहेब तसं म्हणाला असता तर खोटंही ठरलं नसतं.

नागू हळूच हसला. "काकी, तुज्या दारातली पायरी न्हाई आली ती?"

अख्खं गाव उपसणारीनं आपली पायरी तेवढी लपवली होती. लग्नाच्या साली नवऱ्यानं ती हातानं बसवलेली. तो गेल्यापासून काकी रोज तिच्यावर बसून त्याला शिव्या घालायची आणि मग तिला बरं वाटायचं.

"साधा धोंडा हाय त्यो," ती पुटपुटली. मग तिनं राईकडं एकदा बघितलं आणि स्वतःच पहार घेऊन आली.

दगड उलटला. खालच्या अंगाला, मातीत तोंड खुपसून, एक बाई कोरलेली होती. हात वर केलेला, मनगटभर चुडा, सतीच्या दगडावर असतो तसा.

"चाळीस वर्सं पाय दिला गे तुज्यावर," काकी हुंदके देत म्हणाली, आणि पदरानं त्या बाईचं तोंड पुसू लागली.

फोटोत दोघी शेजारी शेजारी आल्या. काकीचे डोळे सुजलेले. राई वाचली. पुढं लोकांनी आपापले दगड एकेक करून घरी नेले, अर्थात कौल लावून. काकीनं तेवढा आपला नेला नाही आणि दारातला खड्डाही बुजवला नाही. येणारा जाणारा त्यात हमखास धडपडायचा, आणि आतून काकीचं हसू ऐकू यायचं.

"पडलास न्हवं? बस मग. हितं कोण व्हती ते ऐकूनच जा."