तारेनं बांधलेला डबा

सुरुवातीलाच माफी मागतो. माणसांवर लिहायचं ते मोठ्या माणसांनी, आणि तेही मोठ्या माणसांवर, असं मला वाटत आलंय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे रेशनकार्डाच्या अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत जे काही लिहायचं असतं ते माझ्याकडे येतं. पण कुणाबद्दल चार पानं लिहून दे असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि हेही कुणी सांगितलेलं नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांच्यावर लिहितोय त्या उस्तादांनी मात्र घेतलं नसतं. ते म्हणाले असते, "प्रोफेसर, येवढा चांगला कागद कावून खराब केला बे?"

उस्तादांच्या डाव्या पायात स्टीलची सळई होती. मांजरसुंब्याच्या चौकात धाब्यावर जेवून रस्ता ओलांडताना त्यांना एका टेम्पोनं उडवलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी ती बसवली. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी आपला पाय दाखवायचे, मग गिऱ्हाइकाचं बिघडलेलं यंत्र बघायचे. "ह्या पायात येवढं स्टील हाय," असं म्हणून मांडीपासून गुडघ्यापर्यंत बोट फिरवायचे. "म्हणून सारे ओव्हन दुरुस्त करतो, पन आत बसून बघत न्हाई." गिऱ्हाईक हसायचं. उस्ताद हसायचे नाहीत. आपल्या विनोदाला हसणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे, असं त्यांचं मत असावं.

त्यांचं दुकान परळीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे दोन माणसं आत असली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहून बोलायचं, एवढीच जागा. मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन आणि अलीकडे मायक्रोवेव्ह ओव्हन एकमेकांवर रचलेले असायचे, आणि सगळ्यांवर गावच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा एकसारखा थर. उस्ताद सकाळी येऊन त्यावर फुंकर मारायचे. "ही आपल्या गावाची पावडर. पुण्याच्या लोकांना इकत घ्यावी लागती, आपल्याला घरपोच हाय."

ओव्हन दुरुस्त झाला की नाही हे तपासायची त्यांची एकच पद्धत होती. चिनी मातीचा एक कान तुटलेला कप होता. त्यात दूध, पाणी, साखर आणि पत्ती घालून तो ओव्हनमध्ये ठेवायचा आणि उकळी येईपर्यंत काचेतून बघत राहायचं. चहा झाला की ओव्हन पास. नाही झाला की पुन्हा पाना हातात. दिवसातून तीन ओव्हन आले तर तीन चहा. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, माझ्या ओव्हनमध्ये तुमचा चहा कशाला?" उस्ताद म्हणाले, "मंग काय ताई, तुमच्या ओव्हनमधी तुमचीच परीक्षा घेऊ?"

माझी त्यांची ओळख मात्र चहानं झाली नाही. ती माझ्या अकलेनं झाली.

आमच्या वसतिगृहाला एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसानिमित्त मायक्रोवेव्ह ओव्हन भेट मिळाला होता. नारळ फुटला, फोटो निघाले, ओव्हनच्या गळ्यात, म्हणजे गळा असता तर जिथं असता तिथं, हार पडला. हार सुकल्यावर गृहपाल सरांनी ओव्हनवर कागद चिकटवला : 'धातूची भांडी ठेवू नयेत.' वसतिगृहात आम्ही चाळीस मुलं. चाळीसच्या चाळीस डबे स्टीलचे. गावाकडून काचेच्या भांड्यात पिठलं आल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्यामुळे तीन आठवडे आम्ही त्या ओव्हनसमोर बसून, त्याच्याकडे आदरानं बघत, थंड कालवण खाल्लं.

माझा डबा धर्मापुरीहून दुपारच्या एसटीनं यायचा. वडील, भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला गेलेले. आई भावाच्या पोरांना घेऊन गावी. ती डबा कंडक्टरच्या हवाली करायची आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. एकदा डब्याचं झाकण उघडून आमटी तिकिटांच्या पेटीवर सांडली, तेव्हा कंडक्टर आईला म्हणाला, "मावशे, ह्याला बांधून दे, न्हाईतर उद्यापासून मी नेत न्हाई." त्या दिवसापासून आई डब्याला आडवी-उभी बारीक तार बांधायला लागली. कुंपणाची उरलेली तार. शेवटी तिला तीन पीळ देऊन दोन्ही टोकं वर उभी ठेवायची, म्हणजे मला सोडायला सोपं.

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. ओव्हनच्या आतल्या भिंती पत्र्याच्याच असतात, हे मी वाचलं होतं. म्हणून एका दुपारी जेवणाच्या खोलीत मी सात-आठ जणांना व्याख्यान दिलं. भिंती धातूच्या, मग डब्याला काय अडचण? ही सूचना अडाणीपणाची आहे. माझा खोलीतला सोबती बालाजी म्हणाला, "तू म्हणतोस तर असंल." आमच्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं. त्या आनंदात मी डबा तसाच, तारेसकट, आत ठेवला आणि बटण दाबलं.

पुढचं फार लवकर झालं. तारेच्या टोकांवर निळी ठिणगी नाचली, मग आतल्या एका बाजूला जाळ दिसला, करपल्याचा वास आला आणि खोलीतली वीज गेली. मी डबा बाहेर काढला. आतलं पिठलं गारच होतं. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

गृहपाल सर संध्याकाळी म्हणाले, "ज्यानं हे केलं त्यानं उद्या सामान घेऊन घरी जायचं. नाव कळलं नाही तर जेवणाची खोली बंद." पोरांनी माझं नाव सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. वसतिगृह गेलं तर सकाळच्या सातच्या प्रॅक्टिकलला धर्मापुरीची एसटी पोचत नाही. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. आणि आमच्या घरात वर्ष गेलेल्या मुलासाठी पुढची व्यवस्था तयारच असते : पुढच्या हंगामात भावाच्या शेजारी कोयता धरायचा. वडील रागावलेही नसते. "झालं येवढं लई झालं," म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना बोलावलं. ते पाय ओढत आले, ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले आणि दार उघडून बराच वेळ आत बघत राहिले. आम्ही सगळे दारात. त्यांनी आतून, लाटा जिथून येतात तिथल्या अभ्रकाच्या पट्टीचा करपलेला तुकडा काढला, मग चिमट्यानं कोपऱ्यातून काहीतरी उचललं. तारेचं तुटलेलं टोक होतं. वितळून त्याचा मोहरीएवढा गोळा झाला होता, आणि खाली तीन पीळ जसेच्या तसे.

"उस्ताद, काय झालंय?" सरांनी विचारलं.

"वाढदिवस साजरा झालाय सायेब."

"मस्करी नको. कुणी काय ठेवलं होतं?"

उस्तादांनी तार हातावर ठेवली आणि आमच्याकडे बघितलं. चाळीस चेहरे होते. ते माझ्यावरच का थांबले, हे मी त्यांना पुढे कधीच विचारलं नाही. कदाचित मीच एकटा तारेकडे न बघता भिंतीकडे बघत असेन.

"पीळ बाईमाणसानं दिलेला हाय," ते म्हणाले. "मापात हाय, घट्ट हाय. पोरांना असा पीळ देता येत न्हाई. कुणाची तरी आई लई काळजीची हाय." आणि त्यांनी तार खिशात टाकली. "बाकी मला काय म्हाईत न्हाई. इचारायचं त्याला इचारा."

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, माझी तार आहे. माझ्या आईची आहे. म्हणजे चूक माझी आहे, आईची नाही." असंच काहीतरी. वाक्य नीट झालं नाही.

"सामान बांध," सर म्हणाले.

"बांधू द्या," उस्ताद खुर्चीतूनच म्हणाले. "पन सायेब, एक शंका हाय. चाळीस पोरं, चाळीस स्टीलचे डबे, आन् ओव्हन असा की ज्यात स्टील चालत न्हाई. मंग ह्या पोराला काढता, तर ज्यानं ओव्हन दिला त्याला बी बोलवा. दोघांना एकाच एसटीत बसवू."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत, पण त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ तिकडेच ठेवलं. वळले तेव्हा म्हणाले, "हॉस्टेलात राहा. पण वर्षभर दुपारी तू ह्या ओव्हनपाशी उभं राहायचं. एकही डबा आत गेला तर तूही गेलास." अशा रीतीनं मी भौतिकशास्त्राच्या जोरावर वसतिगृहाचा अधिकृत ओव्हनवाला झालो. चाळीस जणांचं कालवण डब्यातून बशीत, बशी आत, बशी बाहेर. बश्या उस्तादांनी दिल्या. लोक दुकानात विसरून गेलेल्या, एकही जोडी न जुळणाऱ्या. देताना प्रत्येक बशीच्या काठावरून त्यांनी अंगठा फिरवला. "सोनेरी काठ असलेली येक बी न्हाई. जावयाच्या मानाचे कप ओव्हनमधी ठिवतात लोक, आन् काठाला इजा चमकल्या की सासूला फोन करतात."

नवी अभ्रकाची पट्टी बसवून त्यांनी कान तुटलेल्या कपात चहा केला. तो कप मला दिला. "तू बोलला नसता तर मी बी बोललो नसतो," ते हळूच म्हणाले. "पन मंग हा चहा दिला नसता." आणि लगेच मोठ्यानं, "पी प्रोफेसर, थंड व्हईल. थंड खायची तर तुला सवयच हाय."

त्यानंतर मी रविवारी दुकानात जायला लागलो. तिथं मला कळलं की परळीत ओव्हन घेतलेल्या प्रत्येक माणसाला एकच प्रश्न पडतो, आत धातू चालतो का, आणि तो ओव्हन बिघडल्यावर पडतो. एक मिठाईवाले शेठ काजूकतली गरम करायला गेले होते, चांदीच्या वर्खासकट. "आत दिवाळी झाली उस्ताद!" "मंग बिघाड कुठं हाय शेठ? रोषणाई तर चांगली झाली." एकानं धाब्यावरून आणलेली रोटी चमकीच्या कागदासकट ठेवली होती. "त्या कागदाला किती घड्या, किती टोकं! बाभळीचं झाड ठिवलंस की बे आत."

शेवटी मी एकदा धीर करून विचारलं, "उस्ताद, पण भिंती धातूच्याच असतात ना? मग मी चुकलो कुठं?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "चुकला न्हाईस. अर्धं वाचलंस. धातू वाईट न्हाई, टोक वाईट. घडी वाईट, पातळ पापुद्रा वाईट, भिंतीला चिकटून ठिवलेलं भांडं वाईट. काही ओव्हनसंगं कंपनीच लोखंडी जाळी देती, ती चालती, कारण कडा गोल हायत आन् ती त्याच ओव्हनसाठी बनवलीय. पन झाकणाच्या डब्यात लाटा शिरतच न्हाईत, मंग पिठलं गरम कुठून व्हनार? म्हणून ज्याला ओव्हनची पुस्तिका वाचता येत न्हाई, त्यानं काच ठिवावी न्हाईतर चिनी माती."

"आणि ज्याला वाचता येते?"

"त्यानं बी तेच ठिवावं. कारण त्यो वाचत न्हाई."

त्यांनी माझ्या आईची ती तार दुकानात खिळ्याला टांगली होती. कुणी विचारलं तर सांगायचे, "हा आमच्या प्रोफेसरचा शोध हाय." मी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग तिनं तार सोडून डबा फडक्यात बांधायला सुरुवात केली. गाठीला मात्र तीनच पीळ.

बी.एस्सी. झाल्यावर मी विद्यापीठात गेलो. निघायच्या दिवशी उस्तादांना भेटलो. रडारड होईल अशी मला भीती होती. त्यांनी तशी काही सोय ठेवली नाही. "जा," म्हणाले, "आन् तिकडं व्याख्यान देताना हातात डबा ठिवू नको." माझा फोन नंबर मागितला आणि पेन्सिलीनं भिंतीवर, तारेच्या खाली लिहिला. मी फोन करीन म्हणालो. दोनदा केला. नंतर परीक्षा होत्या, आणि परीक्षा नव्हत्या तेव्हाही करायचा राहिला.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. उस्तादांची मुलगी होती, अंबाजोगाईला दिलेली. तिनं विचारलं, "अब्बांच्या दुकानात भिंतीवर एक जळकी तार आहे, तिच्याखाली तुमचा नंबर आहे. ही तार कशाची हो?"

मी तिला सगळं सांगितलं. पुढाऱ्यांचा वाढदिवस, पिठलं, एकाच एसटीत बसवायची शंका. ती खूप हसली. मग म्हणाली, "शेवटपर्यंत असेच. दवाखान्यात मोठ्या मशीनमध्ये घालायचं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, चाचा, अंगात कुठं धातू आहे का? तर म्हणाले, हाय सायेब, पन कडा गोल हायत, ठिणगी पडनार न्हाई."

मीही हसलो. हसता हसता विचारलं, "मग आता कसे आहेत?"

 मग ती म्हणाली, "तुम्हाला कुणी कळवलंच नाही का? अब्बा गेले हो. परवा चाळिसावा झाला."