देवापुढे अडणारा डबा

यंदा लालबागच्या आमच्या खोलीत गणपतीच्या मखराभोवती मी मॉडेल रेल्वे फिरवली. एका नव्याकोऱ्या डब्याचं चाकच तिरकं बसवलेलं. तो नेमका मूर्तीसमोर रुळावरून उतरायचा आणि अख्खी गाडी तिथेच अडायची. मी दादरच्या दुकानदाराला फोनवर झापलं, "माल तपासता की डोळे मिटून खोक्यात भरता?" बिचाऱ्याने दुसऱ्याच दिवशी डबा बदलून दिला. गाडी सुसाट धावू लागली.

संध्याकाळी आरतीला शेजारच्या काकू आल्या. गाडीकडे बघून म्हणाल्या, "काल कशी गुणाची दर्शनाला थांबत होती! आज काय झालं मेलीला?"

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मुकाट्याने दुकानदाराला फोन लावला, "तो खराब डबा अजून आहे का हो?"