केबिनची उजवी

कप्तान म्हणजे जहाजाचा नव्हे, बांधकामावरच्या उंच क्रेनचा. वर केबिनमध्ये बसून यानं उभी हयात काढली. "मी कुठे फिरतो? मी आपला खुर्चीत. शहर फिरतं माझ्याभोवती," असं तो ऐटीत सांगायचा. त्याची लेक कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती म्हणायची, "फिरताना पोटात ढवळतं ना बाबा? मग तुम्हीच फिरता. डावं-उजवं मात्र ज्याचं त्याचं." एकदा तिनं सांगितलं, जड वस्तूजवळ जागाच वाकलेली असते, सरळ चालणाराही वळतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. "आमच्या साहेबाच्या पोटाजवळ असंच होतं," कप्तान म्हणाला. लेक पोट धरधरून हसली.

पण बांधकामावर ज्याचं त्याचं चालत नाही. खालचा इशारेवाला क्रेनकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे त्याची उजवी ती केबिनची डावी. म्हणून नियम एकच: बोलायचं ते केबिनचं, आपली बाजू विसरायची. हा इशारेवाला कप्तानाचा जावई होता. सासऱ्यानंच त्याला कामावर चिकटवलं होतं.

त्या दिवशी सळ्यांचा भारा भिंतीपलीकडे उतरवायचा होता. वरून काही दिसत नव्हतं. वॉकीटॉकीवर जावई म्हणाला, "उजवीकडे घ्या, मामा." कप्तानानं घेतलं. खालून किंकाळी आली. खांबाशी काम करणारा वेल्डर भाऱ्याखाली चिरडला होता. जागच्या जागी गेला बिचारा.

कप्तान खाली उतरला तेव्हा जावई जिन्यात बसला होता. "मी माझी उजवी म्हणालो, मामा. माझी!"

लेकीचे दिवस भरत आले होते. कप्तानानं फार विचार केला नाही. चौकशीत त्यानं सांगून टाकलं, "तो डावीकडेच म्हणाला होता. माझ्या हातून चुकलं." लायसन्स गेलं, नोकरी गेली. बाहेर वेल्डरची म्हातारी आई उभी होती. ती शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटलं. तिनं बाजूला सरून त्याला वाट करून दिली. कप्तानाच्या मनात एवढंच, की आपलं झालं ते झालं, पोरीचं घर मोडलं नाही.

मग तो लेकीकडेच राहायला आला. घरातलं कुठलंही बोलणं, दुधाचं असो की विजेच्या बिलाचं, सरळ निघायचं आणि त्या वेल्डरपाशी येऊन वळायचं. सुरुवातीला जावई नजर चुकवायचा, न सांगता औषधं आणून द्यायचा. पुढे पाहुण्यांसमोर म्हणू लागला, "मामांचं वय झालं होतं हो." आणि मग, "मी घसा फोडून डावीकडे, डावीकडे ओरडत होतो!"

कप्तानानं एकदा त्याला एकट्याला गाठलं. "जावईबापू, जगाला काय सांगायचं ते सांगा. निदान माझ्या लेकीला तरी खरं सांगा."

"कसलं खरं, मामा?" जावयानं विचारलं. खोटं बोलणारा कुठेतरी चाचरतो. हा चाचरला नाही. त्याला खरोखरच तसं आठवत होतं.

नातू रांगायला लागला. आजोबा दिसले की हात वर करायचा, उचला म्हणून. एका दुपारी कप्तान त्याला खिडकीशी घेऊन उभा होता, तेवढ्यात लेक कॉलेजातून आली. चप्पलही न काढता तिनं येऊन बाळ ओढून घेतलं.

"बाबा, रागावू नका. पण मी घरात नसताना त्याला उचलत जाऊ नका."

"अगं, माझ्या हातून कधी..." कप्तानानं जावयाकडे पाहिलं. त्याची त्या दिवशी सुटी होती, तो टेबलापाशी चहा पीत होता.

"बरोबर बोलतेय ती, मामा," तो म्हणाला.

बाळ आईच्या खांद्यावरून हात पुढे करून रडायला लागलं. त्याला आजोबांकडे जायचं होतं.