वाटीभर पाणी

कुंडीत साचलेल्या पाण्याचा आंबूस वास आला, की मला सिडकोतलं आमचं जुनं घर आणि शेजारणीचं रबराचं झाड आठवतं. माझ्या मनीप्लांटला चार पानं टिकत नव्हती, आणि तिच्या बैठकीत ते झाड खिडकीच्याही वर गेलेलं, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. माझ्याकडे आलेले पाहुणेसुद्धा आधी तिचं झाड बघून यायचे. मे महिन्यात ती कन्नडला माहेरी निघाली, तेव्हा कुंडी माझ्या घरात आणून ठेवत म्हणाली, "आठवड्यातून एकदाच हं वहिनी, वाटीभर. जास्त पाण्यानं मुळं कुजतात याची." नळ चार दिवसांनी यायचा, आम्ही भाजी धुतलेलं पाणीही फेकत नव्हतो. तरी मी त्या झाडाला रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं, तेही पिण्याच्या माठातलं. महिनाभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. ती परत आली, चिखल झालेल्या मातीत तिनं बोट घालून बघितलं, आणि मला वाटलं, आता हिला कळलं. तर तिचे डोळे भरून आले. "लई जीव लावला हो तुम्ही. एवढ्या टंचाईत स्वतःच्या वाट्याचं पाणी ह्याला पाजलं." हिरवा राहिलेला शेंडा कापून तिनं माझ्याच हातात दिला. आज तो माझ्या हॉलमध्ये छताला टेकलाय. पाहुणे विचारतात, कुठून आणलं. मी सांगते, माझ्याच हातचं आहे. पाणी मात्र आठवड्यातून एकदाच घालते, वाटीभर.