तिसरी बोट

इंजिनिअर झाल्यावर दीड वर्ष मी अंबडच्या एका कारखान्यात होतो. मग शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेतलं आणि लष्कराच्या इंजिनिअर्सच्या एका फील्ड कंपनीत लेफ्टनंट म्हणून रुजू झालो. पंचविसाव्या वर्षी माझ्या हाताखाली पन्नास जवान आले. बरोबरीचे मित्र तेव्हा कारखान्यात सुपरवायझरच्या मागे वही घेऊन फिरत होते. डोक्यात हवा जायला एवढं पुरेसं होतं.

आता मी नाशिकला परत येऊन एका कंपनीत नोकरी करतो. परवा इथल्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. इंजिनिअरिंग, व्यवसाय आणि नेतृत्व या तिन्हींचा अनुभव करिअरच्या सुरुवातीलाच कसा मिळवावा, हा विषय. माझ्यावरच बेतलेला. मुलं भराभर लिहून घेत होती. जे त्यांना सांगितलं ते आधी लिहितो, जे जमलं नाही ते नंतर.

कारखान्यात मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. मशीन रिकामं उभं दिसलं की साहेबांच्या कपाळावर आठी. एकामागून एक होणारी कामं एकाच वेळी कशी उरकता येतील, हे मी घड्याळ लावून शोधायचो. हीच सवय फौजेत नेली. बेली ब्रिजचं, म्हणजे सुटे भाग जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचं, सामान ट्रकमध्ये भरायचा क्रम बदलला, उतरवायला लागणारा वेळ वाचला. कंपनीच्या ओसींनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, सगळ्यांसमोर पाठ थोपटली. सिव्हिलमधून आलेला पोरगा कामाचा निघाला, असं सगळीकडे झालं.

माझ्या ट्रूपमधले, म्हणजे त्या पन्नास जणांतले, सर्वांत जुने हवालदार दादाजी देवरे. सटाण्याजवळच्या एका खेड्यातले, एकोणीस वर्षं नोकरी झालेली. मला गाठ मारता येत नसेल तर ते स्वतःच बाजूला बसून तीच गाठ सावकाश मारायचे, म्हणजे मला विचारावं लागायचं नाही. बाकीच्यांसमोर आमचं बोलणं हिंदीत. दोघंच असलो की ते अहिराणीवर यायचे. मी नाशिक रोडचा, मला ती अर्धीमुर्धी कळायची, याची त्यांना गंमत वाटायची.

त्या पावसाळ्यात गिरणेच्या पुरात एका गावचा पूल वाहून गेला आणि आमच्या कंपनीला मदतीला पाठवलं. जुन्या पुलाचे फक्त खांब उरले होते. त्यांना बाभळीची झाडं, तारा, काय काय अडकलेलं होतं. त्या खांबांच्या तीनशे मीटर वरच्या अंगाला आम्ही बेली ब्रिज टाकणार होतो, म्हणजे अलीकडच्या काठावर जोडत जोडत रोलरवरून पलीकडे सरकवणार होतो. पलीकडे अडकलेलं गाव काठावर येऊन आमच्याकडे बघत उभं होतं.

सकाळी सहाला काम सुरू झालं. नऊ वाजता निरोप आला की दुपारी चारनंतर वरच्या धरणातून जास्त पाणी सुटेल. म्हणजे पूल त्याआधी पलीकडे टेकवायला हवा होता. आमच्याकडे तीन बोटी होत्या. दोन सामान पलीकडे नेत होत्या. तिसरी सेफ्टी बोट. पाण्यावर काम चालू असेपर्यंत ती प्रवाहाच्या खालच्या अंगाला, इंजिन चालू ठेवून, दोन पोहणाऱ्यांसह उभी असते. तिच्यात सामान भरायचं नाही, तिला दुसरं काम सांगायचं नाही. कुणी पाण्यात पडला तर प्रवाह त्याला तिच्याकडेच आणतो.

सकाळपासून ती बोट तशीच उभी होती. अकरा वाजता मी हिशेब केला. पूल सरकत असतानाच पलीकडच्या उताराच्या फळ्या पोहोचल्या, तर दीड तास वाचतो. मी देवरेंना सांगितलं की तिसरी बोटही फळ्यांना लावा.

ते जवळ आले. बाकीचे लांब होते.

"साहेब, ती बोट रिकामी नई शे. उभं राहानं हाईच तिनं काम शे."

मी त्यांना पाणी वाढणार असल्याचं सांगितलं, पलीकडची माणसं दाखवली. एकाच फेरीचा प्रश्न आहे, म्हणालो. ते मग "जी साब" म्हणाले आणि बोट सोडायला गेले. मला आठवतं, आपण निर्णय घेतला याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

अकरा चाळीसला पुलाचं टोक पलीकडच्या रोलरपासून दोन मीटरवर होतं. त्याला दिशा द्यायला देवरे स्वतः टोकावर गेले होते. कमरेच्या पट्ट्याचा हुक एका पॅनेलवरून काढून दुसऱ्यावर लावताना त्यांचा पाय घसरला. आवाजसुद्धा झाला नाही.

मी रेडिओ उचलला.

"सेफ्टी, सेफ्टी, आदमी पानी में."

"साब, बोट उस पार है. इंजन बंद है, फट्टे उतर रहे हैं. ओव्हर."

त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. ते वर आले, सगळ्यांना दिसले. मी काठाने धावत सुटलो. दोरी फेकली, ती अर्ध्यातच पडली. दोन जवान उडी मारायला निघाले, त्यांना मी धरून थांबवलं, आणखी दोन गेले असते. त्या वेगाने तीनशे मीटरला साधारण शंभर सेकंद लागतात. हे गणित मला धावतानाच येत होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. बोट जागेवर असती तर वीस सेकंदांचं काम होतं. पलीकडे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ते खांबांपाशी पोहोचले होते. त्या तारांनी त्यांना खाली ओढलं. बारा दहाला आम्ही त्यांना बाहेर काढू शकलो.

पूल दोन वाजता पुरा झाला. चारनंतर खरंच पाणी वाढलं. पलीकडचे आजारी, म्हातारे त्या पुलावरून अलीकडे आले. हेही खरंच आहे, आणि म्हणून मला आजवर या गोष्टीचं काहीच करता आलेलं नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं की बोट हलवायचा हुकूम माझा होता. ते लिहून घेतलं गेलं, मला शिक्षा झाली. माझ्या बायोडेटात मात्र अजूनही लिहिलेलं आहे की ठरलेल्या वेळेआधी पूल उभा केला. सध्याची नोकरी देताना साहेबांनी तेवढंच विचारलं होतं, वेळ कसा वाचवला म्हणून.

इथवर मी कॉलेजात सांगितलं. लिहिणाऱ्या मुलांचे हात मधेच थांबले होते. पुढचं मला बोलता आलं नाही.

महिन्याभराने मी देवरेंच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नी विमलबाईंना बोटीचं मी आधी सांगितलं. तोंड लपवायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. त्या रागावतील, हाकलून देतील, याची मी तयारी केली होती. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि एकच विचारलं.

"पाणीमा पडावर त्यासनी काय करं, साहेब?"

मी म्हणालो की सगळं फार पटकन झालं, काही दिसलं नाही. त्यांनी मान हलवली. खरं म्हणजे मला सगळं दिसलं होतं. देवरे घाबरले नाहीत. शिकवल्याप्रमाणे ते पाठीवर वळले, पाय पुढे केले, एक हात वर धरला. आम्ही काठावरून ओरडत होतो, पण त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षांची सवय. बोट मी हलवली हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतःच ती सोडली होती, तरी ते मान उचलून खालच्या अंगाला, ती असते तिथे बघत राहिले. खांब येईपर्यंत हवालदार दादाजी देवरे बोटीची वाट बघत होते, आणि मी काठावरून ते बघत होतो.