शेवटचं पान वापरात आहे

शर्टाला काजं नऊ लागतात. कॉलरचं एक, पुढची सहा, कफांची दोन. काजेताईनं एकतीस वर्षं हीच नऊ काजं केली आणि त्यातलं एकही कधी उसवून परत आलं नाही, हे ती ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला ऐकवायची. समोरच्याचं लक्ष नसलं तर दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडा अशा बांधायच्या की ती चीर पुढे जाता कामा नये. एवढंच ते काम. पण एवढंच काम एकतीस वर्षं नीट करणारा माणूस आधी शोधून दाखवा, मग नाक मुरडा.

कारखान्याला सुट्टी गुरुवारी. सकाळी वाचनालयाच्या मागच्या अंगणात बाग, दुपारी तिथल्याच बाकावर वाचन, आणि दोन्ही चालू असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून पक्षी, अशी तिनं गुरुवारची वाटणी केली होती. घरी वाचायची सोय नव्हती. घरात धाकटा भाऊ. तो लिफ्टमन. दिवसभर लोकांना मुकाट्यानं वरखाली नेऊन आला की घरात त्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि भावजयीनं दोन्ही कानांना रुमाल बांधून पाहिला होता, तरी ऐकू यायचं.

बाग म्हणजे चार फुटकी वॉशबेसिनं, तळ गेलेला एक ड्रम आणि भिंतीला टेकून वाढलेलं रुंद पानांचं एक झुडूप. त्या झुडपाचं नाव वाचनालयातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. हे ती छातीठोकपणे सांगू शकायची, कारण वाचनालयातली सगळी पुस्तकं तिनं वाचली होती. एक सोडून.

पुस्तकं एकूण दोन हजार एकशे चार. सभासद एक. टेबलाचा आखूड पाय सारखा करायला लोक पुस्तकं नेतात असा संशय कधीकाळी कुणाला तरी आला होता, तेव्हापासून तिथं एक पद्धत होती. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या ओळीखाली वाचणाऱ्यानं 'वाचले' असं लिहून सही करायची. काजेताईच्या सह्या दोन हजार एकशे तीन होत्या. त्यातली एकही खोटी नव्हती. मधलं एक प्रकरण डुलकीत गेलं म्हणून ती एकदा मातीच्या प्रकारांवरचं जाडजूड पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसली होती.

अशात वरून परिपत्रक आलं. वर बसलेल्यांना सुचतं ते कागदावरच सुचतं. ज्या शाखेत वाचन शिल्लक आहे ती शाखा चालू राहील, वाचन संपताच शाखेचा हेतू सफल झाला असं समजून ती बंद करण्यात येईल. पुन्हा वाचलेलं धरलं जाणार नाही. बंद होऊ घातलेल्या शाखेत नवे सभासद घेता येणार नाहीत. आणि सभासदानं एका आठवड्यात काहीच वाचलं नाही तर तो सभासद उरणार नाही. इमारतीत पुढे कचेऱ्यांमधल्या मोडक्या खुर्च्या ठेवायच्या होत्या, त्यासाठी अंगण सिमेंटचं करायचं होतं.

ग्रंथपालकाकांनी परिपत्रक वाचून चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसला. त्यांना वर्षभरानं निवृत्त व्हायचं होतं, पण ते मोडक्या खुर्चीवर बसून नाही. ताई, तुम्ही जरा दमानं वाचा, असं त्यांनी सुचवलं. उरलं होतं एकच पुस्तक, चारशे अकरा पानांची रहस्यकथा.

रहस्यकथा ताईनं मुद्दाम मागे ठेवली होती. असल्या पुस्तकांचा तिला राग होता. खून झाला की संशय आधी मोलकरणीवर, मग माळ्यावर. मालक मेला तरी गालिच्यावर मरतो, आणि चौकशी होते ती गालिचा झाडणारीची. या पुस्तकातही तेच. तीनशेव्या पानापर्यंत सगळी बोटं माळ्याकडे वळली होती, आणि माळ्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. ताई चिडून वाचायला लागली आणि चिडता चिडता अशी अडकली की कारखान्यात कॉलरच्या पट्टीला तिनं दोन काजं केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. माळी सुटतो की नाही हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नव्हता. आणि ते कळलं की वाचनालय जाणार, बाग जाणार, काका जाणार. न वाचता सही करणं खोटं, वाचून न करणं त्याहून खोटं. आता करता काय?

दर गुरुवारी तीन वाजता तपासनीस यायचा. इस्त्रीचा शर्ट, काखेत लांब फॉर्मचं पॅड, हातात फूटपट्टी. सगळे त्याला साहेब म्हणत. ताई "अहो तपासनीस" म्हणायची. तो बाकावर बसून खूण कुठवर सरकली ते पाहायचा आणि खात्रीसाठी तेवढा मजकूर स्वतः वाचायचा. तपासनिसानं सभासदाच्या पुढे जाऊ नये, असा नियम होता. तो पुढे जात नसे. फूटपट्टी खालच्या ओळींवर आडवी ठेवायचा आणि वर मान वळवून आभाळाकडे बघायचा.

ताईनं आधी आठवड्याला वीस पानं केली. मग पाच. मग एक. शेवटच्या पानावर बावीस ओळी होत्या, तिथं ती ओळीवर आली. पहिल्या ओळीत गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. तिसरीत दाराला कडी घातली. पाचवीत त्यानं घसा खाकरला आणि तो आठवडाभर खाकरतच राहिला. तोवर गल्लीत बातमी फुटली होती. सभासद होता येत नाही म्हणून माणसं गुरुवारी दुपारी कुंपणाबाहेर उभी राहू लागली. ताई ओळ वाचायची आणि कुंपणाकडे वळून सांगायची, "पाणी प्यायला." माणसं मान हलवत घरी जायची. सातव्या ओळीत त्यानं पेला खाली ठेवला तेव्हा वाण्यानं दुकान अर्धा तास बंद ठेवलं होतं. भावानं घरी फर्मान काढलं, खून माळ्यानंच केलाय, लिहून घ्या. त्यानंतर ताई त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

या सगळ्यात शिंपी पक्ष्याची एक जोडी अंगणात आली. अंगठ्याएवढं पाखरू, शेपटी वर, आवाज मात्र अंगापेक्षा चौपट. हे पाखरू चोचीनं झाडाची पानं एकमेकांना शिवून त्यात घरटं करतं. ताई पक्ष्यांच्या नोंदी कारखान्यातून बाद झालेल्या साइजच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर करायची. त्या दिवशीच्या बेचाळीसच्या मागे तिनं लिहिलं, 'शिंपी, मादी. बाकावरच्या पुस्तकाच्या पाठीतून शिलाईचा दोरा ओढला. चार वेळा.' पुढच्या गुरुवारी चव्वेचाळीसच्या मागे, 'पुन्हा दोरा. सहापदरी. पाखराला पारख आहे.' तिनं पाखराला हाकललं नाही. पक्षी बघायचे म्हणजे बघायचे, मध्ये हात घालायचा नाही, हा तिचा बाणा. बाणा सांभाळायला सोपा असतो. त्याचं पुढे काय होतं ते नंतर कळतं.

नववी ओळ आली. गुप्तहेरानं बोट उचललं. ताईनं पुस्तक बाकावर उपडं ठेवलं, कुंपणाला बोट उचलल्याचं सांगितलं आणि झुडपाला पाणी घालायला गेली. संध्याकाळी बंद करताना काकांनी पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. ज्या पानासाठी गल्ली थांबली होती ते पान आत आहे का, हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी पुस्तक उघडलं तर चारशे दहा पानं. त्यापुढे पुठ्ठा.

काकांनी कपाटं रिकामी केली. वॉशबेसिनं उलथी करून पाहिली. ड्रममध्ये डोकं घातलं आणि ते आत असतानाच कण्हले, त्यामुळे कण्हणं अंगणभर घुमलं. ताई मात्र झुडपापुढे उभी होती. रुंद पानांपैकी दोन पानं एकमेकांना शिवलेली होती आणि त्यांच्यामध्ये तिसरं पान होतं, पांढरं. पाठ कोरी, छापील बाजू आत. सहापदरी दोरा भोकातून काढून टोकाशी पिंजला होता, निसटू नये म्हणून. आत कापसावर तीन अंडी. ताईनं टाके मोजले. सतरा. दोन टाक्यांतलं अंतर सारखं. तिच्या कारखान्यात असं हात बसलेली माणसं मोजून दोन होती, आणि त्यातली एक ती स्वतः.

तीन वाजले. तपासनीस आला, बसला, पुस्तक उघडलं आणि पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग त्यानं पॅड काढलं. शेवटचं पान नाही म्हणजे पुस्तक अपूर्ण, अपूर्ण म्हणजे बाद, बाद म्हणजे शिल्लक वाचन शून्य. किल्ल्या आजच द्याव्या लागतील. काकांनी किल्ल्यांचा जुडगा काढायला खिशात हात घातला, पण हात बाहेर येईना.

"पान हरवलेलं नाही," ताई म्हणाली. "या इकडे."

त्यानं वाकून घरटं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, पाखरू पुस्तकातून दोरा नेतंय, हे कुणाला माहीत होतं का. काकांनी ताईकडे पाहून डोळे मिटून घेतले. एक नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. ताईनं पिशवीतून चिठ्ठ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं त्या साइजप्रमाणे लावून पहिल्यापासून वाचल्या, खंड्या, मुनिया, कोतवाल, सगळं, आणि बेचाळीसशी थांबला.

"म्हणजे तुम्ही बघत होता?"

"बघत होते. आणि लिहिलंय. लपवायचं असतं तर लिहिलं असतं का?"

पान काढून पुस्तकात परत ठेवा, मग बघू, असं तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. ताई झुडूप आणि हात यांच्या मधोमध उभी राहिली. कुंपणाबाहेरचा वाणी एका पायावरून दुसऱ्या पायावर आला.

"अहो तपासनीस, तुमचा फॉर्म तुम्ही कधी वाचलाय का? मी वाचलाय. तुमच्या मांडीवर उलटा असायचा तेव्हा वाचलाय. चौदावा रकाना बघा."

छापील काही समोर आलं की ती सोडत नसे, हे आता त्याच्याही ध्यानात आलं. चौदाव्या रकान्यात होतं, 'वस्तू आवारात आहे, परंतु वापरात असल्याने देता येत नाही.' तो रकाना शिड्या आणि स्टुलांसाठी होता. पण फॉर्मवर शिडी असं लिहिलेलं नव्हतं, आणि पाखरू चालणार नाही असंही नव्हतं. तपासनिसानं फॉर्म उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. शिंपीण येऊन त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर बसली आणि त्याच्यावर असं तोंड टाकलं की तो दोन पावलं मागे सरला. मग त्यानं लिहिलं, 'पुस्तक उपलब्ध. शेवटचे पान वापरात.'

पिल्लं होईपर्यंत ताईला वाचायला काही नव्हतं, पण वाचनाची वस्तूच देता येत नसल्यानं सभासदाकडे दोष जात नव्हता. तपासनिसालाही तपासायला काही नव्हतं. तरी तो दर गुरुवारी येई. बसल्याबसल्या त्यानं कपाटातलं पहिलं पुस्तक चाळायला घेतलं होतं, आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर आली तेव्हा तो तिसऱ्या पुस्तकात होता. खूण म्हणून फूटपट्टी वापरायचा.

महिन्याभरात पिल्लं उडाली. पुढचा गुरुवार आला तेव्हा कुंपणाबाहेर उभं राहायला जागा नव्हती. लिफ्टमन भाऊ रजा टाकून बायकोसकट आला होता. घरटं रिकामं होतं. वरच्या बाजूचा एक टाका निसटला होता आणि फटीतून दहाव्या ओळीची सुरुवात दिसेल इतकं पान वळलं होतं. ताईनं तिकडे पाठ केली होती. पान आता वापरात नव्हतं, म्हणजे वाचायला हवं. वाचायचं म्हणजे तेरा गुरुवार. तेराव्या गुरुवारी सही आणि सिमेंट. काका खिशात किल्ल्या चाचपत होते.

तपासनीस आला. तिसरं पुस्तक त्यानं काखेत धरलं होतं, पॅड विसरला होता, ते आणायला परत गेला, पुन्हा आला. झुडपाशी वाकला. घरट्याच्या तोंडाला डोळा लावून इतका वेळ राहिला की भावजयीला वाटलं, याची मान अडकली.

"आत कोळी राहायला आलाय," तो म्हणाला.

ताईनं वळून पाहिलं. तिला कोळी दिसला नाही. पण तपासणी हे तिचं काम नव्हतं. त्यानं पॅडवर चौदाव्या रकान्यात तेच पाच शब्द लिहिले, खाली सही केली आणि चौथं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते काकांना विचारायला आत गेला. त्याची अजून दोन हजार एकशे एक शिल्लक होती.

ताईनं पदराला टोचून ठेवलेली सुई काढली, सहापदरी दोऱ्याचं निसटलेलं टोक भोकात ओवलं आणि अठरावा टाका घातला. न बघता, नुसत्या बोटांनी. हात बसलेला होता.

"अगं ताई, पण खुनी माळीच ना?" भाऊ कुंपणावरून ओरडला.

"माळी नाही."

सगळं कुंपण तिच्याकडे बघायला लागलं. खोटं न बोलणारी बाई ती. "म्हणजे वाचलंस?" भावानं विचारलं.

"वाचायला कशाला पाहिजे?" ती ड्रमाकडे वळली. "रोज एवढं पाणी घालणाऱ्याला खून करायला सवड असते का कधी? धर ती बादली."